खाली एसडब्ल्यूआर १.६५, वर ४.२६! स्मिथ चार्ट घेऊन बसलोय, कुणीतरी वाट दाखवा

गच्चीवरचा_रेडिओ | शनिवार, रात्री ९:५२

कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. २०१९ च्या महापुरात शिरोळच्या मामाचा तीन दिवस फोन लागला नव्हता, तेव्हाच हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचा, परवाना काढायचा हे डोक्यात बसलं. परवाना हातात यायला मात्र बराच काळ गेला. आता आठ महिने झाले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी २ मीटर बँडसाठी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झसाठी, घरीच ग्राउंड प्लेन अँटेना बनवला. मधे उभा पितळी गज, खाली चार आडव्या काड्या. तिथून २० मीटर आरजी-५८ केबल डक्टमधून खाली खोलीत. खोलीत मीटर लावला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून लाट किती परत फिरते याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.६५. ग्रुपवर टाकलं. सगळे म्हणाले, दोनच्या आत आहे, बिनधास्त बोल.

बोललो. कागलच्या मित्राला माझा आवाज खरखरीतूनच येतो. मागच्या रविवारी वर गेलो, केबल सोडली आणि ५ वॅटचा हँडहेल्ड थेट अँटेनाला जोडून त्याला हाक मारली. म्हणतोय कसा, 'खालच्यापेक्षा उन्नीस-बीस, फार फरक नाही.' खाली २५ वॅटचा सेट आहे राव!

मग एकाकडून नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र, उसना आणला. टाकीवर चढून कॅलिब्रेट केला आणि अँटेनाच्या बुडाशीच मोजलं. १४५ मेगाहर्ट्‌झला २५ ओहम रेझिस्टन्स आणि उणे ५० ओहम रिॲक्टन्स (शक्ती न वापरता साठवून परत करणारा विरोध). एसडब्ल्यूआर ४.२६. अँटेना तोच, फ्रिक्वेन्सी तीच. खरं कुठलं?

यंत्राच्या पडद्यावर गोलात गोल काढलेलं एक चित्र येतं, तोच स्मिथ चार्ट. डिप्लोमाला ते होतं, आठ मार्कांना. मी ऑप्शनला टाकलेलं. आता त्याची ए-३ प्रिंट काढून आणलीय. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, 'कुणाची पत्रिका?'

तांबडा_पांढरा | शनिवार, रात्री १०:०३

मीटर बदल भावा.

सौदामिनी | शनिवार, रात्री ११:२०

मीटर बदलू नका, दोन्ही आकडे खरे आहेत. मी हा विषय शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमचा आकडा ५० नं भागा, कारण केबल ५० ओहमची आहे. २५ उणे जे ५० चं ०.५ उणे जे १ झालं ('जे' म्हणजे पुढचा आकडा रिॲक्टन्सचा). आता प्रिंट समोर घ्या. मधली आडवी रेघ म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स. डावं टोक शॉर्ट, उजवं टोक ओपन, बरोबर मध्यबिंदू म्हणजे १, म्हणजे तुमचे ५० ओहम. उजव्या टोकाला एकमेकांना चिकटलेली जी वर्तुळं दिसतात ती रेझिस्टन्सची, प्रत्येकावर एकच रेझिस्टन्स. त्याच टोकातून वर-खाली फुटणाऱ्या कमानी रिॲक्टन्सच्या. वरचा अर्धा भाग इंडक्टिव्ह, खालचा कपॅसिटिव्ह. ०.५ चं वर्तुळ आणि उणे १ ची कमान जिथे छेदतात तिथे टिंब द्या. हा तुमचा अँटेना.

आता कंपासचं टोक मध्यबिंदूवर रोवा, पेन्सिल टिंबावर ठेवा आणि वर्तुळ काढा. मधल्या रेघेला ते उजवीकडे जिथे कापतं तिथला आकडा वाचा. साधारण सव्वाचार येईल. तो एसडब्ल्यूआर. मध्यापासून टिंबापर्यंतचं अंतर म्हणजे परावर्तन गुणांक, बाहेरची कड १ धरली तर तुमचा ०.६२. ०.६२ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३८ टक्के शक्ती अँटेनाच्या दारातून परत फिरते.

केबलीतून खाली यायचं म्हणजे या वर्तुळावरून फिरायचं. अँटेनाकडून सेटकडे येताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे. माझी मुलं परीक्षेत इथेच उलटी फिरतात, म्हणून मी सांगते, अंबाबाईला प्रदक्षिणा घालता तशी फिरा. एक पूर्ण प्रदक्षिणा म्हणजे अर्धी तरंगलांबी. तुमच्या केबलीत १४५ मेगाहर्ट्‌झची अर्धी तरंगलांबी ६८ सेंटिमीटर आहे. २० मीटरमध्ये २९ प्रदक्षिणा होतात आणि तिसावी अर्धवट राहते.

केबलीत तोटाच नसता तर २९ फेऱ्यांनंतरही तुम्ही त्याच वर्तुळावर असता आणि खाली मीटरला ४.२६ च दिसला असता. पण आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला २० मीटरमध्ये अंदाजे ४ डेसिबल खाते. परत फिरलेली लाट वर जाताना ४ आणि खाली येताना ४, असे ८ डेसिबल गमावून मीटरपर्यंत पोचते. म्हणजे दर फेरीला वर्तुळ थोडं थोडं आवळतं. चक्रीच म्हणा ना. ८ डेसिबल गेले म्हणजे लाटेची उंची ०.४ पट उरली, म्हणून ०.६२ ला ०.४ नं गुणा, ०.२५ येतो. त्याचा एसडब्ल्यूआर काढा.

१.६५.

गच्चीवरचा_रेडिओ | शनिवार, रात्री ११:४१

काढला. अंगावर काटा आला. म्हणजे माझी केबल इतकी खाऊ आहे की परत येणारी लाट मीटरपर्यंत धड पोचतच नाही, आणि मी खूश?

सौदामिनी | शनिवार, रात्री ११:४८

तसंच. केबलीतला तोटा आणि वरचा बेमेळ दोन्ही धरले तर एकूण साधारण ५.८ डेसिबल जातात. २५ वॅटपैकी अँटेनात सहा-साडेसहा वॅट. तुमचा हँडहेल्ड वर थेट लावल्यावर ५ पैकी ३ वॅट आत जात होते. म्हणजे फरक दुपटीचाच, आणि दुप्पट शक्तीचा फरक एफएमवर कानाला जेमतेम कळतो. कागलकरांचा कान तयार आहे!

डिप्लोमावाला | रविवार, सकाळी ७:३०

माझी शंका लहान आहे. फेरी अर्ध्या तरंगलांबीची का? लाटेचं चक्र तर पूर्ण तरंगलांबीत होतं ना?

सौदामिनी | रविवार, सकाळी ८:१५

कारण चार्टवर आपण परत येणाऱ्या लाटेची जाणाऱ्या लाटेशी तुलना करतो. तुम्ही केबलीवर एक पाऊल सरकलात की लाटेचा प्रवास दोन पावलांनी बदलतो, एक जातानाचं, एक येतानाचं. म्हणून कोन दुप्पट वेगानं फिरतो.

आणि महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा घालतात ना? इथेही अर्धी फेरी फार कामाची. अर्धी फेरी म्हणजे पाव तरंगलांबी. शॉर्टपासून निघालात तर ओपनवर पोचता. कुठल्याही टिंबापासून मध्यातून आरपार रेघ मारली की समोर त्याचा व्यस्त आकडा मिळतो, भागाकार न करता. तुमच्या ०.५ उणे जे १ चा व्यस्त ०.४ अधिक जे ०.८. पट्टी लावून बघा.

रंकाळ्याचा_वारा | रविवार, सकाळी ९:०२

हा चार्ट काढणारे फिलिप स्मिथ स्वतः हॅम होते. बेल लॅबमध्ये नोकरीला. १९३९ च्या जानेवारीत 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात त्यांनी तो छापला आणि १९४४ मध्ये सुधारून पुन्हा. त्याआधी चौकोनी आलेखावर प्रयत्न झाले होते, पण इम्पीडन्स, म्हणजे रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स मिळून होणारा विरोध, शून्यापासून अनंतापर्यंत कितीही असू शकतो, कागद कुठवर वाढवणार? गोलात अनंताला एका टिंबात बसवलं ही खरी करामत. उजवं टोक.

जपानच्या तोसाकू मिझुहाशींनी १९३७ मध्ये अशीच आकृती मांडली होती. नाव मात्र स्मिथचं झालं.

निवृत्त_२२०केव्ही | रविवार, सकाळी १०:४०

धाग्याच्या नावात चार्ट बघून आत आलो, तर इथं केबलीची लाइन निघाली. असू दे. माझी ३१ वर्षं सबस्टेशनात गेली. आमची लाइन म्हणजे टॉवरवरची.

तुमचं गणित आमच्याकडं लावून बघतो. ५० हर्ट्‌झची तरंगलांबी ६००० किलोमीटर. तुमची एक प्रदक्षिणा म्हणजे आमचे ३००० किलोमीटर. भारत उत्तर-दक्षिण ३२१४ किलोमीटर आहे, म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लाइन ओढली तर कुठं एक फेरी आणि वर थोडं! १०० किलोमीटरच्या लाइनीत तुमच्या चार्टवर फक्त १२ अंश सरकायचं. म्हणून आम्हाला स्मिथ साहेबांची गरज पडली नाही.

पण गोल आम्हीही काढायचो. रिसीव्हिंग एंड सर्कल डायग्राम. आडव्या अक्षावर मेगावॅट, उभ्यावर मेगाव्हार, म्हणजे रिॲक्टन्समुळं नुसती ये-जा करणारी शक्ती. शेवटच्या टोकाचं व्होल्टेज ठरलं की केंद्र ठरतं, सुरुवातीच्या टोकाचं ठरलं की त्रिज्या. केंद्र सहसा कागदाच्या बाहेर जायचं, मग शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग पिन लावून दोऱ्यानं कमान मारायची. लोडचं टिंब मांडायचं आणि त्या टिंबापासून कमानीपर्यंतचं उभं अंतर मोजायचं. तेवढे कपॅसिटर बसवले की व्होल्टेज जागेवर. कमान उजवीकडं जिथं संपते तिथं लाइनीची ताकद संपली, त्यापुढं मेगावॅट मागू नका.

तुमच्या मध्यबिंदूलाही आमच्यात भाऊ आहे. टॉवरच्या लाइनीचा सर्ज इम्पीडन्स (तुमच्या केबलीच्या ५० ओहमसारखा) २२० केव्हीला ४०० ओहम धरा. २२० चा वर्ग भागिले ४०० म्हणजे १२१ मेगावॅट. एवढा लोड असला की लाइन ना व्हार खाते, ना देते. त्याहून कमी लोड असला, रात्री शेतीपंप बंद, की लांबच्या टोकाला व्होल्टेज चढतं. फेरँटी इफेक्ट. ४०० किलोमीटरची लाइन टोकाला उघडी ठेवली तर साडेनऊ टक्के वर. १०० किलोमीटरला अर्धा टक्का. म्हणून लांब लाइनींना रिॲक्टर, म्हणजे जादा व्हार खाणारी कॉइल, लावतात.

डिप्लोमावाला | रविवार, सकाळी ११:०५

काका, दोऱ्याची कमान! आमच्या सरांनी ती डायग्राम फळ्यावर हातानं काढली होती, अंड्यासारखी.

गच्चीवरचा_रेडिओ | रविवार, दुपारी ३:३५

जेवण झाल्यापासून पेन्सिल घेऊन बसलोय. स्टब, म्हणजे केबलीचा छोटा जोडतुकडा, लावून जुळवायचं ठरवलं. तपासा.

स्टब समांतर जोडायचा म्हणून ॲडमिटन्स, म्हणजे तो व्यस्त आकडा, घेतला, ०.४ अधिक जे ०.८. बाहेरच्या कडेवरच्या मापात तो ०.११५ तरंगलांबीवर येतो. प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरलो. १ च्या वर्तुळाला गाठ पडली तिथं १ अधिक जे १.५८, माप ०.१७८. म्हणजे अँटेनापासून ०.०६३ तरंगलांबी खाली यायचं आणि तिथं उणे जे १.५८ चा स्टब लावून ते १.५८ खाऊन टाकायचं. स्टबचं टोक शॉर्ट करणार. शॉर्ट ॲडमिटन्समध्ये उजव्या टोकाला, ०.२५ वर. तिथून उणे १.५८ पर्यंत, ०.३४० वर. लांबी ०.०९० तरंगलांबी.

१४५ ची तरंगलांबी २०७ सेंटिमीटर. म्हणजे १३ सेंटिमीटर खाली आणि १८.६ चा स्टब. तुकडा कापला, शॉर्ट केला, जोडला. मोजलं तर एसडब्ल्यूआर तीनच्या वर. बायको खाली उन्हात वाळत घातलेल्या पापडांवरून विचारतेय की वर कोण नाचतंय.

सौदामिनी | रविवार, दुपारी ४:१०

चार्टवरचं काम चोख आहे, मी मुलांना दाखवेन. चूक चार्टबाहेर झालीय. २०७ ही हवेतली तरंगलांबी. आरजी-५८ च्या पॉलिथिनमध्ये लाट ०.६६ पट वेगानं चालते, तिथे ती १३६.५ सेंटिमीटर. म्हणून ८.६ खाली, स्टब १२.३. मी काल ६८ सांगितलं होतं, ते त्याचंच अर्ध.

दुसरंही एक उत्तर आहे. तसंच पुढे फिरत राहिलात तर १ चं वर्तुळ पुन्हा भेटतं, उणे जे १.५८ वर. तिथे २८ सेंटिमीटर खाली आणि ५६ चा स्टब येतो. ते घेऊ नका. जितकं लांब तितकं फ्रिक्वेन्सी हलली की बिघडतं.

तांबडा_पांढरा | रविवार, दुपारी ४:१२

पापड किती गेले?

जुना_कट्टा | रविवार, संध्याकाळी ६:२५

पोरांनो, सगळं वाचलं. गणित झकास. पण टिंब खालच्या अर्ध्यात आहे हे बघूनही कुणी गजाची लांबी विचारली नाही?

गज आखूड असला की अँटेना कपॅसिटिव्ह होतो. उणे ५० म्हणजे बऱ्यापैकी आखूड. १४५ साठी पाव तरंगलांबी ५१.७ सेंटिमीटर, गजाच्या जाडीमुळे पाच टक्के वजा, म्हणजे ४९. मोज किती आहे ते. स्टब कसला लावतोस, गज बदल. गज वाढवत गेलास की टिंब आपोआप वर सरकून मधल्या रेघेवर येईल. तिथं ३५-३६ ओहम मिळतील, कारण काड्या आडव्या आहेत. मग काड्या ४५ अंशात खाली वाकव, ५० च्या जवळ जाशील. चार्ट जुळवण्यासाठी तर आहेच, पण आधी तो दुखणं सांगतो. तुम्ही दुखणं वाचायच्या आधी औषध काढलंत.

अजून एक. आपल्याकडचा पाऊस माहिती आहे. केबलीच्या टोकात पाणी शिरलं की तोटा वाढतो, चक्री आणखी आवळते आणि खाली एसडब्ल्यूआर सुधारतो. जूनमध्ये १.६५ चा १.३ झाला तर पेढे वाटू नकोस, वर चढून बघ. माझी एक केबल अशीच दोन पावसाळे 'सुधारत' गेली. शेवटी कापली तर आतली तांब्याची जाळी हिरवीगार. वरच्या जोडावर सेल्फ-ॲमाल्गमेटिंग टेप गुंडाळ, नुसता इन्सुलेशन टेप नको, आणि केबल कनेक्टरच्या खाली एक झोका देऊन मग भिंतीला ने. पाणी झोक्यावरून टपकून जातं.

सौदामिनी | रविवार, संध्याकाळी ६:५०

मान्य. पुस्तकात लोड, म्हणजे इथला अँटेना, दिलेला असतो, तो बदलायचा विचारच येत नाही. शिकवणाऱ्यांचा रोग.

गच्चीवरचा_रेडिओ | रविवार, संध्याकाळी ७:०५

गज मोजला. ४४. घरात होता तेवढाच लावला होता, खोटं कशाला बोलू.

डिप्लोमावाला | सोमवार, रात्री ८:४४

हे सगळं मोबाइलवरच्या ॲपमध्ये होतं की. आकडे टाका, स्टबची लांबी बाहेर. पेन्सिल कशाला?

निवृत्त_२२०केव्ही | सोमवार, रात्री ९:१०

आमच्याकडं पण नंतर संगणकावर लोड फ्लोचं गणित आलं, चांगलंच आलं, दोरा सुटला. पण रात्री दोनला फोन यायचा आणि पलीकडचा आकडा सांगायचा, तेव्हा कमान डोळ्यासमोर असलेल्या माणसाला कळायचं की आकडा चुकीचा आहे. ॲप वापर. ॲपला २०७ दिलेस तर ॲप १८.६ च देणार.

गच्चीवरचा_रेडिओ | पुढचा रविवार, दुपारी १:१५

आठवडाभराचा अहवाल.

आधी स्टब पूर्ण केला, हट्टच होता. ८.६ आणि १२.३. वर १.२ आला. यंत्रावर १४४ ते १४६ फिरवलं तर टिंबाच्या जागी छोटी वेलांटी दिसते, मध्याजवळून जाणारी. अर्धा तास नुसता बघत होतो.

मग स्टब काढला. भंगारवाल्याकडून पितळी गज आणला, ४९ चा कापला. टिंब खरंच वर चढून रेघेवर आलं, ३६ ओहम, एसडब्ल्यूआर १.४. काड्या वाकवल्या, १.१. टेप, झोका, सगळं जुन्या कट्ट्याच्या सांगण्याप्रमाणे.

कागलवाला म्हणतो खरखर कमी झाली, पण गेली नाही. बरोबरच आहे. मेळ बसला तरी ४ डेसिबल केबलच खाते, २५ चे वर १० वॅटच पोचतात. आरजी-२१३ घेतली तर तोटा निम्म्यावर येईल, वर १६ वॅटच्या आसपास जातील. पैशांची सोय झाली. अडचण अशी की ती बोटाएवढी जाड आहे, १० मिलिमीटरच्या वर, आणि डक्टच्या भिंतीतलं माझं भोक ६ चं आहे. घरमालक खालीच राहतात.

तांबडा_पांढरा | पुढचा रविवार, दुपारी १:२१

ड्रिल हाय माझ्याकडं. १२ चा बिट तेवढा आण. मालक दुपारी झोपत असतील, तवा न्हाई करायचं, त्यांना आधी च्या पाजून विचारायचं. चारला येतो.